छपराखालची खोली

कुटुंब वाढतें, पण घर वाढत नाहीं. मुलें मोठीं होतात. परीक्षेच्या दिवसांत एकास दिवा हवा असतो, तर दुसऱ्यास अंधार. घरांत सून येते, वृद्ध आईवडील गांवाहून राहावयास येतात, आणि दोन खोल्यांचा संसार दोन खोल्यांतच कोंडला जातो. अशा वेळीं घर वाढविण्याचे तीन मार्ग संभवतात. अंगण असल्यास घर आडवें वाढवावें. भिंती दणकट असल्यास वर मजला चढवावा. आणि हीं दोन्ही साधत नसल्यास घराच्या पोटांतच निकामी पडलेली जागा शोधून ती राहण्यायोग्य करावी. या तिसऱ्या मार्गाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. उतरत्या छपराच्या घरांत माळ्याची जमीन आणि आढें यांच्यामध्यें एक त्रिकोणी पोकळी असते. तींत जुन्या ट्रंका, मोडका पाळणा आणि पावसाळ्याचें जळण पडून असतें. तेथें माणूस राहूं शकेल काय, या प्रश्नाचा विचार करणें अगत्याचें आहे.

युरोपांत या प्रश्नाचें उत्तर कित्येक शतकांपूर्वीं शोधलें गेलें. छपराच्या उतरत्या पाख्यास भगदाड पाडावयाचें, त्यांत उभी खिडकी बसवावयाची, तिच्या दोन्ही अंगांस लहान भिंती घालून डोक्यावर छोटेंसें स्वतंत्र छप्पर करावयाचें. हिलाच 'डॉर्मर' असें म्हणतात. निजणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द आलेला आहे. म्हणजे निजावयाच्या खोलीची ही खिडकी. मराठींत तिला छपरखिडकी म्हणण्यास हरकत नसावी. सतराव्या शतकांत फ्रान्स्वा मान्सार या फ्रेंच स्थपतीनें अशा खिडक्यांचीं, खालीं उभट आणि वर सपाटीकडे झुकलेलीं छपरें इतकीं लोकप्रिय केलीं कीं, त्या छपरास त्याचेंच नांव पडलें. जरी तशीं छपरें त्याच्या आधींही बांधलीं जात होतीं. पुढें पॅरिस शहरांत इमारतीची उंची भिंतीच्या माथ्यापर्यंत मोजण्याचा नियम झाला. छपराखालचा मजला त्या मापांत धरला जात नसे, म्हणून तेथें एकामागून एक राहत्या खोल्या झाल्या, आणि नोकरचाकर, विद्यार्थी व चित्रकार त्यांत राहूं लागले.

परंतु परदेशांत एखादी गोष्ट उपयोगी ठरली, म्हणून ती आपल्याकडे सर्वत्र उपयोगी पडेल असें नाहीं. छप्पर कसें असावें हें मालकाच्या हौसेपेक्षां त्या मुलखांतील पावसावर अवलंबून असतें. याचा उत्तम पुरावा एकाच जिल्ह्यांत पाहावयास मिळतो. पूर्वींच्या अहमदनगर आणि २०२४ सालापासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोलें तालुका आहे. तेथें भंडारदरा व घाटघर या सह्याद्रीच्या भागांत शंभर इंचांहून कितीतरी अधिक पाऊस कोसळतो, आणि घरांचीं छपरें उतरतीं असतात. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील नेवासें तालुक्यांत पाऊस जेमतेम वीस-बावीस इंच. तेथील जुनीं घरें सपाट माथ्याचीं, म्हणजे धाब्याचीं अथवा माळवदाचीं.

याच नेवासें तालुक्यांत शनिशिंगणापूर हें प्रसिद्ध गांव आहे. खुद्द देवासच तेथें छप्पर नाहीं. सुमारें साडेपांच फूट उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन, वारा व पाऊस सोशीत उभी आहे, आणि तिच्यावर छाया धरावयाची नाहीं असा गांवाचा संकेत आहे. गांवांतील घरांना परंपरेनें चौकट असे, पण कवाड नसे. आडोशाला पडदा, आणि रात्रीं कुत्रें शिरूं नये म्हणून फार तर एखादी फळी टेकून ठेवलेली. २०११ सालीं युको बँकेनें तेथें शाखा उघडली, तेव्हां नेहमींचीं कुलुपें न घालतां ती चालविण्याची तिनें तयारी केली. मात्र दाराला कांच बसवावीच लागली. चोर येवो न येवो, वारा, धूळ व जनावरें हीं येणारच! चोराचें भय नसलें तरी दार-खिडकीस जें काम उरतें, तें हेंच. छपरखिडकीचा विचार करतांना तें विसरून चालत नाहीं. तेथें तर गांठ थेट पावसाशीं असते.

अशा गांवीं जुन्या घरांत छपरखिडकी शोधूं गेल्यास ती सांपडणार नाहीं. कारण सपाट धाब्याखालीं त्रिकोणी पोकळीच नसते. तुळयांवर लाकडी कड्या, त्यांवर किलच्या, त्यांवर पाला वा गवत, आणि सर्वांवर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी धाब्याची रचना. उजेड येण्यास व चुलीचा धूर जाण्यास तींत एक भोंक ठेवतात, त्यास सवणें म्हणतात. पाऊस आला कीं तें वरून झांकावयाचें. डॉर्मरचें हें देशावरचें दूरचें भावंड म्हणतां येईल. उजेड आणण्याचें काम तें करतें, पण जागा मात्र वाढवीत नाहीं. जागेसाठीं या घराचा माथा स्वतःच उपयोगी पडतो. उन्हाळ्यांत तेथें निजावें, धान्य वाळत घालावें, पापड-कुरडया कराव्या.

छपरखिडकीचें खरें क्षेत्र म्हणजे कोंकण, मावळ, महाबळेश्वर-माथेरानसारखीं ठिकाणें, आणि मुंबई-पुण्याकडील कौलारू घरें. पूर्वीं नळीचीं कौलें असत आणि दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं तीं शाकारावीं लागत. पुढें फ्रान्समधील आल्सास प्रांतांत झिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं एकमेकांत अडकणारीं सपाट कौलें काढलीं. आणि १८६५ सालीं बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यानें मंगळूर येथें तशा कौलांचा कारखाना घातला. तींच आपलीं मंगलोरी कौलें. त्यांनीं छप्पर हलकें व बांधेसूद झालें, आणि त्यांत हिशेबानें खिडकी काढणें सोपें झालें.

आतां हा हिशेब प्रत्यक्षच पाहिला पाहिजे. कारण पैसे खर्च झाल्यावर पुष्कळांच्या लक्षांत येतें कीं, खिडकी झाली पण उभें राहतां येत नाहीं. समजा, घराची रुंदी २० फूट आहे आणि छपराचा उतार ३० अंशांचा आहे. माळ्याची जमीन भिंतीच्या माथ्याशींच असेल, तर आढ्याखालीं मधोमध उंची भरते अवघी पावणेसहा फूट. येथें खिडकी काढून कांहीं साधणार नाहीं. परंतु बाहेरच्या भिंती माळ्याच्या जमिनीपासून ३ फूट वर चढविलेल्या असतील, तर मध्यावर सुमारें पावणेनऊ फूट उंची मिळते. माणसास मोकळेपणीं वावरण्यास साडेसहा फूट लागतात असें धरलें, तर मध्यापासून दोन्हीकडे सुमारें चार चार फूट, म्हणजे एकूण आठ फुटांचा पट्टा उपयोगी पडतो. राहिलेले बारा फूट ओणव्यानें वावरण्याचे. आतां एका पाख्यांत ६ फूट रुंदीची छपरखिडकी थेट बाहेरच्या भिंतीवर उभी केली, तर तेवढ्या रुंदींत पूर्ण उंची भिंतीपर्यंत जाऊन पोंचते. नवी मिळालेली जागा सहा फूट लांब व सहा फूट रुंद, म्हणजे छत्तीस चौरस फूट. एक खाट आणि तिच्याशेजारीं अभ्यासाचें एक मेज एवढी ती जागा. आंकडा लहान दिसतो. परंतु तेवढ्यानेंच अंधाऱ्या माळ्याची खोली होते, कारण उजेड, वारा व उभें राहण्याची सोय या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात. नुसता उजेड हवा असेल, तर चार कांचेचीं कौलें बसविणें पुरेसें आहे. त्यासाठीं छप्पर फोडण्याचें कारण नाहीं.

या खिडकीच्या डोक्यावरील छपराचे दोन प्रकार आहेत. एकांत मोठ्या आढ्यापासूनच एक सलग पाखें पुढें काढतात. जागा त्यांत जास्त मिळते. पण वरील मापाच्या घरांत त्या पाख्याचा उतार तेरा अंशांवर येतो. इतक्या कमी उतारावर कौलें घातल्यास वाऱ्याबरोबर पाणी उलट चढून आंत येतें, म्हणून तेथें पत्राच घालावा लागतो. दुसऱ्या प्रकारांत खिडकीस स्वतःचें छोटें आढें व दोन छोटीं पाखीं असतात. येथें कौलें चालतात. मात्र जेथें छोटें पाखें मोठ्या पाख्यास मिळतें, तेथें एक तिरपी पन्हळ तयार होते, आणि दोन्हीकडील पाणी तींत लोटतें. छपरखिडकी गळते ती बहुतेक याच सांध्यांतून. त्या पन्हळींत सलग रुंद पत्रा कौलांखालीं दोन्ही बाजूंस पुरेसा आंत सरकवावा, आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतींच्या पायथ्याशींही तसाच मुडपलेला पत्रा घालावा. आपल्याकडील पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो; म्हणून शक्य तेथें खिडकी उत्तरेकडील वा पूर्वेकडील पाख्यांत काढावी. उन्हाचाही बंदोबस्त हवा. कौलांखालीं फळ्यांचें छत मारून मध्यें हवेस वाट ठेवावी आणि समोरच्या बाजूस दुसरें एक लहानसें भोंक ठेवावें, म्हणजे वैशाखांत तेथें भट्टी होणार नाहीं.

पाण्यापेक्षांही मोठा प्रश्न वजनाचा आहे. खिडकीसाठीं जे दोन-तीन वासे कापावे लागतात, त्यांच्यावर आलेला भार कोणीतरी उचललाच पाहिजे. म्हणून खिडकीच्या दोन्ही अंगांचे वासे जोडीनें दुप्पट करतात, आणि त्यांमध्यें वर व खालीं आडवीं लाकडें घालून कापलेल्या वाशांचीं टोंकें त्यांत अडकवितात. दोन समोरासमोरच्या भिंतींना धरून ठेवणारी कैंचीची आडवी तुळई डोक्याला लागते म्हणून कापण्याचा मोह कित्येकांस होतो. तो मोह घातक आहे. ती तुळई गेली कीं छप्पर भिंतींना बाहेर रेटूं लागतें. माळ्याची जमीनही ट्रंकांसाठीं केलेली असते. माणसें, खाटा व पुस्तकें यांच्यासाठीं ती पुरेशी आहे कीं नाहीं, हें जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावें, आणि नगरपालिकेची परवानगी काढल्यावांचून हात घालूं नये.

देशावरील धाब्याच्या घरांत तर वजनाचा हा प्रश्न जिवाचा होऊन बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील फार मोठा भाग आपल्याच घराच्या दगडमातीखालीं गाडला गेला. भिंती मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, आणि माथ्यावर दीड-दोन फूट मातीचा थर. एका घनफूट मातीचें वजन पंचेचाळीस किलो धरलें आणि थर दीड फुटांचा घेतला, तर दहा फूट लांब व बारा फूट रुंद खोलीच्या डोक्यावर सुमारें आठ टन माती असते. चौरस फुटास सदुसष्ट किलो. मंगलोरी कौलांचें वजन चौरस फुटास चार किलोंच्याही आंत भरतें. हा ढीग एका दिवसांत झालेला नसतो. गळूं लागलें कीं वर चार पाट्या माती टाकावयाची, या रीतीनें तो पिढ्यान् पिढ्या वाढत जातो.

यासाठीं नेवाशाकडील असो वा लातुराकडील असो, जुन्या धाब्यावर आणखी एक खोली चढविण्याचा विचार जेथें मनांत येईल, तेथें पहिलें काम बांधण्याचें नसून उतरविण्याचें आहे. वरचा अनावश्यक मातीचा थर आधीं काढावा. भिंती दगडमातीच्या असतील, तर त्यांच्यावर मजला चढवूं नये. त्यापेक्षां अंगणांत स्वतंत्र पायावर खोली बांधणें बरें. धाबें मुळांतूनच बदलावयाचें ठरल्यास त्या जागीं हलकें उतरतें छप्पर घालतां येतें, आणि छपरखिडकीचा प्रश्न देशावरही प्रथमच खऱ्या अर्थानें उपस्थित होतो. मात्र त्यासाठीं भिंतींच्या माथ्यावरून चोहोंकडे फिरणारा सलग पट्टा घालून त्या एकमेकींस बांधून घेणें अवश्य आहे.

तेव्हां क्रम असा ठेवावा. प्रथम भिंती व तुळया तपासाव्या. मग दोरी व पट्टी घेऊन आढ्याखालील उंची मोजावी. ती पुरत असेल तरच खिडकीची जागा, दिशा व छपराचा प्रकार ठरवावा. आणि जिन्यास खालच्या खोलींतील किती जागा जाईल, हेंही त्याच वेळीं मांडून पाहावें, कारण वर छत्तीस चौरस फूट मिळवून खालीं तीस घालविले तर लाभ तो काय राहिला? काम दिवाळीनंतर सुरू करून वळवाच्या सरींपूर्वीं पुरें करावें. पहिल्या मोठ्या पावसांत घरच्या कर्त्या माणसानें कंदील घेऊन पन्हळीचे सांधे आंतून स्वतः पाहावे. ते कोरडे आढळले, कीं मगच खाट व पुस्तकें वर न्यावीं.