वर काय आहे, ते पाडेल्याला विचारा

दर दीड-दोन महिन्यांनी सकाळी सातच्या सुमारास तो येतो. कमरेला आकडी, आकडीत कोयता, खांद्यावर दोरीचं वेटोळं. गोव्यात आणि सीमेलगतच्या सिंधुदुर्गात नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात. आमच्या आवारात अठरा माड आहेत, पण एकाचाही शेंडा मी जवळून पाहिलेला नाही. तिथे काय चाललंय ते पाडेली सांगेल तेवढंच आम्हाला कळतं. म्हणूनच मला वाटतं, चढणं हा त्याच्या कामातला सोपा भाग.

सोपा म्हणजे बघायला. दोन्ही पावलांभोवती दोरीचा एकच फास घालायचा आणि तळवे खोडाला दोन बाजूंनी चिकटवायचे. फास खोडावर ताणला की पाय निसटत नाहीत. मग हात वर, पाय गोळा, पुन्हा हात वर, अशी बेडकाची चाल. खोडावरच्या आडव्या कड्या हे गळून पडलेल्या झापांचे वण. बोटांना तेवढाच आधार. माडी काढणाऱ्याला दिवसातून दोन-तीनदा चढावं लागतं, म्हणून त्याच्या माडाला खाचा पाडलेल्या असतात. नारळासाठी राखलेल्या माडाला मात्र खाच नको. आंब्याची जखम साल धरून भरून येते, माडाची भरत नाही. ती कायमची उघडी राहते, तिच्यात पाणी मुरतं आणि वासावर सोंड्या भुंगा येतो.

खोड संपलं की खरं काम सुरू. झापांच्या झुंबाड्यातून आत शिरताना सुकलेल्या झापाला हात लावायचा नाही. तो कधी हातात येईल सांगता येत नाही. हिरवा झाप धरायचा, तोही अगदी बुंध्याशी. ओंबील मुंग्यांचं घरटं किंवा गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर ते आधी हेरायचं. झापाजवळून विजेची तार गेली असेल तर तो माड सोडून द्यायचा, मालक कितीही गळ घालो.

आत बसल्यावर पाडेल्याला माडाचं वर्षभराचं पंचांगच उलगडतं. माडाला साधारण महिन्याला एक झाप फुटतो आणि प्रत्येक झापाच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, येते. पोय फुटल्यापासून नारळ पिकायला सुमारे 12 महिने लागतात, शहाळं 6-7 महिन्यांत तयार होतं. त्यामुळे एकाच शेंड्यात वर बोंडं, मध्ये शहाळी आणि खाली तयार नारळ, अशा पेंडी उतरत्या क्रमाने लागलेल्या असतात. रंगावर भरवसा नसतो, म्हणून तो कोयत्याच्या पाठीने नारळावर टकटक करतो आणि आवाजावरून ठरवतो. कोयता चालवताना एकच भान हवं: माडाला वाढीचा कोंब एकच असतो. त्याला इजा झाली तर अख्खा माड गेला; बाजूने दुसरी फांदी फुटत नाही.

मग आरोळी येते, "वयनी, बाजूक सरा!" ही नुसती रीत नव्हे. 15 मीटरवरून सुटलेला असोला नारळ जमिनीला लागेपर्यंत ताशी 60 किलोमीटरच्या वेगाला पोचतो. शहाळी असतील तर पेंड दोरीने उतरवतात. टाकली तर फुटून पाणी मातीत. माझी काकी खालून मोजत असते आणि तिला आकडा कधीच पटत नाही. "गेल्या खेपेक जास्त होते!" असं ती ओरडली की वरून उत्तर ठरलेलं, "मगे तुमी वर येवन मोजा, मी खाली हुबो रवतंय." दोघं हसतात. या चेष्टेतच हिशोब उरकतो. उंदराने पोखरलेले किती, वानरांनी तोडलेले किती, पुढच्या पाडपाला किती धरायचे, सगळं त्यातच.

पोफळीच्या बागेत निराळीच तऱ्हा. पोफळ सडपातळ, एकमेकींपासून जेमतेम 9 फुटांवर. तिथला माणूस झाडागणिक खाली उतरत नाही. शेंडा झुलवून शेजारची पोफळ पकडतो आणि तिच्यावर जातो. हे बघताना मी डोळे मिटतो.

आता चढायचं यंत्रही आलंय. केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावावरून त्याचं नाव पडलं. दोन लोखंडी चौकटी, एकेका पायाला एक, खोडाभोवती तारेचा फास. एका चौकटीवर भार टाकायचा, दुसरी उचलायची. 2011 साली नारळ विकास मंडळाने केरळात तरुणांना सहा दिवसांत हे शिकवायला सुरुवात केली आणि मुलीही माडावर चढू लागल्या. आमच्या पाडेल्याची तक्रार वेगळी. दर माडाला यंत्र बांधा-सोडा यात वेळ जातो, आणि यंत्र शेंड्याखालीच थांबतं, आत काही शिरत नाही. पण पावसात शेवाळलेल्या खोडावर ते बरं, हे तोही कबूल करतो.

गेल्या खेपेला विहिरीजवळच्या माडावरून त्याने एक झाप खाली टाकला. पाती कात्रीने तिरकी कातरावीत तशी कापलेली. ही गेंड्या भुंग्याची खूण. तो न उमललेला कोंबझाप पोखरतो आणि पुढे झाप उघडला की असा दिसतो. पाडेल्याने आकडा घालून भुंगा ओढून काढला, भोकात वाळू भरली आणि वरूनच विचारलं,

"वयनी, शेणाचो खड्डो खय आसा तुमचो?"

काकीने गोठ्यामागे बोट दाखवलं.

"मगे बरोबर. तुमच्याच खड्ड्यातलो पावणो वर इलोहा."

गेंड्या भुंग्याच्या अळ्या कुजलेल्या शेणखतात वाढतात. काकी उतरणीला लागलेल्या त्या पायांकडे बघत म्हणाली, पुढच्या पाडपाला कधी येतोस ते सांग. तो खाली आला, पायातला फास सोडला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आदी खड्डो उपसा, मगे माका बोलवा."