फेसाळ द्राक्षासव : किण्वनाचे स्थान आणि भोजनाचा मेळ

उत्तम द्राक्षासवातील फेस हा वरून भरलेला वायू नसून दुसऱ्या किण्वनाचे फल होय. पहिल्या किण्वनात द्राक्षरसातील साखरेपासून मद्यार्क व कर्बद्विप्राणिद वायू निर्माण होतात आणि वायू उडून जातो. त्या आसवात पुन्हा साखर व किण्व घालून ते बंद पात्रात ठेवले, म्हणजे नवा वायू द्रवातच विरघळतो. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखरेने एक वातावरण दाब वाढतो. सहा वातावरणांस २४ ग्रॅम पुरतात.

हे पात्र कोणते, यावर पुढील चव अवलंबून असते. इटलीतील फ्रान्चाकोर्ता येथे ते बाटलीच असते. मृत किण्वपेशींच्या सान्निध्यात आसव किमान १८ महिने राहते व त्यास भाजलेल्या पावासारखा गंध येतो. फेदेरिको मार्तिनोत्ती याने १८९५ साली मोठ्या बंद टाकीची रीत काढली. फ्रान्समध्ये शार्मा याने ती १९०७ मध्ये सुधारली. बहुतेक प्रोसेक्को याच रीतीने होते. किण्वाचा सहवास अल्प असल्याने ग्लेरा द्राक्षाचा ताजा, फळाचा वास त्यात टिकतो. आस्तीची तऱ्हा निराळी : तेथे एकच किण्वन थंडाव्याने मध्येच थांबवितात, त्यामुळे गोडी उरते व मद्यार्क कमी राहतो.

महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात नारायणगाव येथे 'ओमर खय्याम' हे आसव बाटलीतील किण्वनाने होऊ लागले. पुढे नाशिककडेही ही रीत रुजली. अकलूजच्या 'फ्रातेल्ली'च्या स्थापनेत तर इटालियन भागीदारच होते. येथील खरी अडचण पात्राची नाही, फळाची आहे. दख्खनमध्ये द्राक्ष जानेवारी ते मार्च या काळात, ऊन चढत असताना पिकते. साखर झपाट्याने वाढते, आम्लता उतरते. आम्लतेवाचून फेसाळ आसव निस्तेज लागते. म्हणून शेनँ ब्लाँसारखे द्राक्ष पूर्ण पिकण्याआधीच तोडावे लागते. फार घाई केली तर मात्र रसास हिरवट चव येते, आणि तो दोष नंतर कोणत्याही युक्तीने पुरता झाकता येत नाही.

भोजनाचा मेळही याच आम्लतेवर बसतो. आम्लता व वायू यांमुळे जिभेवरील स्निग्धता निघून जाते. एमिल्या प्रांतात चरबीयुक्त डुकराच्या मांसाबरोबर लाल, फेसाळ लाम्ब्रुस्को पितात ते उगाच नव्हे. त्याच न्यायाने अल्पशर्करा 'ब्रूट' आसव तळलेल्या सुरमईशी वा कोथिंबीरवडीशी जुळते. बुलढाण्याकडील वऱ्हाडी ठेच्यापुढे मात्र ते हरते, कारण मद्यार्क आणि वायू दोन्ही तिखटाचा दाह वाढवितात. तेथे आस्तीसारखे गोड व हलके आसवच बरे. बाटलीवरील शब्दांनी फसू नये : 'एक्स्ट्रा ड्राय' हे नावाने कोरडे, परंतु लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखरेमुळे ब्रूटहून गोडच असते. मेजवानीअखेर श्रीखंडाबरोबर ब्रूट देण्याची हौस तर टाळावीच. पदार्थ आसवाहून गोड असला की आसव केवळ आंबट लागते.