मोकळ्या रानात कडवळ : गोठ्याचा वाटा आणि जमिनीचा वाटा



खोडवा तुटून गेला, की पूर्वहंगामी लागणीपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, आपले रान मोकळे राहते. "पडलंय तर पडू दे की, तेवढाच इसावा!" असे आपण म्हणतो. पण उघड्या रानाला कसला विसावा? पावसाच्या सरींनी वरची कसदार माती ओढ्याला जाते अन् मागे तण माजते.

अशा रानात जूनमध्ये वापसा येताच कडवळ पेरावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'रुचिरा' व 'फुले अमृता' या चाऱ्याच्या चांगल्या जाती आहेत. एकरी 16 किलो बी पाभरीने दाट पेरावे. मधून चवळीच्या ओळी घ्याव्यात. दाट कडवळाखाली तणाला ऊन मिळत नाही आणि मुळ्यांच्या जाळ्याने माती धरून राहते.

मात्र पीक कोणासाठी, हे पेरतानाच ठरवावे. जमिनीसाठी असेल तर 45-50 दिवसांत, ताट कोवळे असतानाच गाडावे. निबर ताटे गाडली तर ती कुजविणारे जिवाणू जमिनीतले नत्र आधी स्वतःच खातात आणि लागणीचा ऊस पिवळा पडतो. गाडल्यावर लागणीपूर्वी महिनाभर तरी जाऊ द्यावा.

गोठ्यासाठी असेल तर नेमके उलटे. निम्मे पीक फुलोऱ्यात येईपर्यंत विळा लावू नये. कोवळ्या कडवळात, पावसाने ताण दिलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या फुटव्यात विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. असा चारा खाऊन दावणीचे दुभते जनावर बघता बघता आडवे होते. धाप लागली, तोल जाऊ लागला, की घरगुती उपायात वेळ न दवडता डॉक्टरांना बोलवावे. फुटव्यात तर जनावर मोकळे सोडूच नये.

शिवाय सगळी वैरण गोठ्यात गेली तर जमिनीला मुळ्या अन् धसकटेच उरतात. तेव्हा तेवढे शेणखत रानाला परत द्यावे, उकिरड्यावर वाळत ठेवू नये.

हे काम 'पी हळद अन् हो गोरी' असे नव्हे. यंदा निम्मे रान करून बघा, निम्मे नेहमीसारखे ठेवा. पुढच्या वर्षी दोन्हीकडचा ऊस शेजारी शेजारी उभा राहील; मग आमच्या सांगण्यावर विसंबायचे कारण नाही.