शाब्दिक उदाहरण : "सर, बेरीज की वजाबाकी?"

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून होत नाही तोच वर्गातून प्रश्न येतो, "सर, बेरीज की वजाबाकी?" आकडेमोड मुलांना येत असते. अडतं ते वाचनात. त्यात 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्ती कुणीतरी शिकवलेली असते.

आता हे पाहा. 'रमाकडे 15 पेरू आहेत. ते सीमाच्या पेरूंपेक्षा 6 ने जास्त आहेत. तर सीमाकडे किती?' 'जास्त' वाचून बरीच मुलं 21 लिहून मोकळी होतात. अशा वेळी वहीत दोन पट्ट्या काढायला सांगा. लांब पट्टी कोणाची? रमाची. मग सीमाकडे 21 कसे असतील? उत्तर 9, हे मुलंच सांगतात.

हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी 1945 सालच्या आपल्या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या: उदाहरण समजून घेणे, मार्ग ठरवणे, त्या मार्गाने जाणे आणि मागे वळून पाहणे. अभ्यास घेताना मोठी माणसं बहुधा थेट तिसरीवर उडी मारतात!

मार्ग ठरवायला एक जुनं उदाहरण फार कामाचं आहे. कोंबड्या आणि शेळ्या मिळून डोकी 20, पाय 56. समीकरणं शिकायच्या आधीच हे द्यावं. कोणी म्हणेल, "10 आणि 10." पाय मोजू या: 20 आणि 40, म्हणजे 60. चार जास्त झाले. हे खोडू देऊ नका, इथूनच पुढे जायचंय. एका शेळीच्या जागी कोंबडी ठेवली की डोकी तेवढीच राहतात, पाय 2 ने कमी होतात. म्हणजे असं दोनदा करायचं. शेळ्या 8, कोंबड्या 12. ताळा पाहा: 32 अधिक 24, बरोबर 56.

पालकांनी घरी एवढंच करावं: आकडे न सांगता उदाहरणातली गोष्ट मुलाकडून ऐकावी. काय दिलंय, काय विचारलंय, हे त्याला सांगता आलं की अर्धं काम झालं.

आणि चौथी पायरी विसरू नका. 130 मुलांची सहल, एका बसमध्ये 40 जण, तर बस किती? भागाकार अचूक करून मुलं सव्वातीन लिहितात. सव्वातीन बस कुठल्या डेपोत मिळते, असं विचारलं की वर्ग हसतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी "चार!" ओरडतं.