हप्त्याचे गाडगे

उतरंड ही जुन्या मराठी घरातील ओळखीची वस्तू होय. एकावर एक रचलेली मातीची गाडगी, खाली मोठे व वर लहान. कशात डाळ, कशात मीठ, कशात राखेत घोळविलेले बियाणे. त्यांतल्याच एखाद्या गाडग्याच्या तळाशी घरच्या कारभारणीने चिंधीत बांधून ठेवलेले चार पैसे असत. बियाण्याच्या गाडग्याला मात्र एक अलिखित नियम होता. घरातील दाणा संपला, शेजारी उसनवारी करावी लागली, तरी ते गाडगे खाण्यासाठी उतरवावयाचे नाही. ज्या कुटुंबाची जमीन कर्जापायी गहाण पडलेली आहे, त्या कुटुंबाने कर्जाच्या हप्त्याला हाच नियम लावणे हिताचे असते. तो कसा लावावा, हे मात्र थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे.

दख्खनच्या शेतकऱ्याला गहाणाची धास्ती नवी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जरोखे जाळले, आणि त्याच्या चौकशीतून पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के आढळला होता. आता चित्र पालटले आहे. जमीन तारण घेते ती बहुधा बँक किंवा सोसायटी. तथापि सावकार गावातून गेलेला नाही. विहिरीसारख्या मोठ्या कामासाठी त्याच्याकडे कोणी फारसे जात नाही; जावे लागते ते मधल्या अडचणीसाठी. गाय आजारी पडली, मोटार जळाली, मुलाची फी भरावयाची राहिली, की शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने पाच-दहा हजार उचलले जातात. बँकेचा हप्ता बुडतो तो पुष्कळदा ह्या लहान कर्जामुळे. वर्षाची मिळकत अपुरी असते असे प्रत्येक वेळी नाही. ती एकदोन वेळा एकदम येते, आणि खर्च मात्र बारा महिने चालतो, हे खरे दुखणे आहे.

उदाहरणादाखल पाच एकरांचे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. काही जमीन कोरडवाहू, काही विहिरीखाली. खरिपात तूर, उन्हाळी कांदा, घरच्या पोटापुरती ज्वारी, दावणीला एक दुभती गाय. विहीर आणि पाइपलाइन ह्यांसाठी जमीन तारण देऊन काढलेल्या कर्जापैकी २,१०,००० रुपये मुद्दल शिल्लक आहे. व्याज दर साल दर शेकडा ११. दरवर्षी ३१ मार्चला मुद्दलाचे ३०,००० रुपये व शिल्लक रकमेवरील व्याज भरावयाचे. म्हणजे ह्या वर्षीचा हप्ता ५३,१०० रुपये, पुढील वर्षी ४९,८००, त्यापुढील वर्षी ४६,५००, असे सात हप्ते.

आता मिळकत पाहावी. तूर ६ क्विंटल, ७,००० रुपये दराने ४२,००० रुपये. ती जानेवारी-फेब्रुवारीत हाती येते. कांदा ८० क्विंटल, १,२०० रुपये दराने ९६,००० रुपये. तो मे महिन्यात. दुधाचे, पेंड-चारा वजा जाता, दर दहा दिवसांच्या बिलात १,२०० रुपये. गाय सुमारे नऊ महिने दूध देते व नंतर आटते, हे हिशेबात धरले पाहिजे. कागदावर वर्षाची रोकड १,७०,४०० रुपये भरते, आणि हप्ता तिच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आहे. पण मार्चअखेर घरात पैसा असतो तो तुरीचा, ४२,००० रुपये. हप्त्याला कमी पडतात ११,१०० रुपये. हे ११,१०० रुपये मागच्या मे महिन्यातील कांद्याच्या पट्टीतून बाजूला काढून दहा महिने जपावे लागतात. मध्ये पेरणी आहे, शाळा आहे, गौरी-गणपती आहेत, दिवाळी आहे. कर्जफेडीची सारी कसोटी ह्या दहा महिन्यांत लागते.

म्हणून कांद्याची पट्टी हाती पडली की त्याच दिवशी वाटे करावे. आठ दिवसांनी करू म्हटले की वाटे करावयास काही उरत नाही. ह्या कुटुंबाचे वाटे असे पडतील: सोसायटीचे पीककर्ज फेडण्यास ४५,०००, जूनमधील शाळेस १२,०००, माणसांच्या व जनावरांच्या दवाखान्यास ९,०००, सणवार व आहेरास ८,०००, गाय आटल्यावरच्या घरखर्चास ३,६००, अडीअडचणीस ७,३००, आणि हप्त्याच्या गाडग्यात ११,१००. बेरीज बरोबर ९६,००० होते.

घरखर्चाचा हिशेब वेगळा सांगितला पाहिजे, कारण तो बायकांच्या हातून चालतो आणि पुरुषांच्या तोंडी हिशेबात नेहमी कमी धरला जातो. धान्य घरचे असले तरी तेल, साखर, चहा, साबण, वीज, एसटीचे भाडे ह्यांना महिना ३,००० रुपये रोकड लागते. दुधाच्या प्रत्येक बिलातून १,००० रुपये खर्चावे व २०० रुपये ठेवावे. सत्तावीस बिलांत ५,४०० रुपये जमतात. भाकड काळातील तीन महिन्यांना ९,००० रुपये हवेत. उरलेले ३,६०० कांद्यातून ठेवलेलेच आहेत. एवढी तजवीज नसेल, तर गाय आटल्याबरोबर दुकानदाराची उधारी सुरू होते.

येथे एक रास्त शंका निघते. बँकेला ११ टक्के व्याज द्यावयाचे आणि इकडे घरात पैसा गाडग्यांत अडकवून ठेवावयाचा, हा उलटा व्यवहार नव्हे काय? असेल ते सारे एकदम बँकेत भरून मोकळे का होऊ नये? शंका विचारणारा बहुधा घरातला हिशेबी माणूस असतो, व त्याला उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे. समजा, दवाखान्याचे ९,००० रुपये त्याने मे महिन्यात बँकेत जादा भरले. दहा महिन्यांत त्याचे ८२५ रुपये व्याज वाचले. पण जुलैत गाय फऱ्याने किंवा विषबाधेने आजारी पडली आणि ९,००० रुपये सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी आणावे लागले, तर पुढच्या मे महिन्याच्या कांद्यापर्यंत दहा महिन्यांचे २,७०० रुपये व्याज गेले. वाचले ८२५, गेले २,७००. निव्वळ खोट १,८७५ रुपयांची. सावकाराचे व्याज बँकेच्या तिपटीहून अधिक असते, हेच ह्यामागील कारण. लहान गाडगी ही मोठ्या कर्जाभोवतीचे कुंपण आहेत.

कुंपणही बेताचेच हवे, ही गोष्ट खरी. बाजार तेजीत गेला आणि कांद्याला १,२०० ऐवजी १,६०० रुपये दर मिळाला, तर ३२,००० रुपये जादा येतात. तेव्हा अडीअडचणीचे गाडगे दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके भरावे आणि बाकीची रक्कम मुद्दलात भरावी. पहिल्या हप्त्याबरोबर १०,००० रुपये मुद्दलात जादा भरले, तर उरलेल्या सहा वर्षांत दरसाल १,१०० प्रमाणे ६,६०० रुपये व्याज वाचते. ही रक्कम पुढील हप्त्यापोटी नव्हे, मुद्दलात जमा करावी, असे बँकेला लेखी द्यावे व पावती पाहून घ्यावी.

मंदीचे वर्ष अधिक अवघड. कांद्याचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली व ती ४ मे २०२४ रोजी उठली. ज्यांनी आधीच्या तेजीवर खर्च मांडला होता त्यांचे हिशेब त्या हंगामात कोसळले. म्हणून अंदाजपत्रकात भाव धरावा तो कमी वर्षाचा. सर्व माल चाळीत ठेवून भावाची वाट पाहणे हाही एक जुगार आहे, कारण चाळीत वजन घटते व सडही होते. गाडगी भरतील इतका कांदा आधी विकावा, उरलेला चाळीत ठेवावा. एवढे करूनही तूट आली, तर प्रथम सणवाराला कात्री लावावी, मग आहेराला. आहेर कमी करणे फार जड जाते, चारचौघांत मान खाली गेल्यासारखे वाटते. पण गावातील दहा घरांनी मिळून ठरविले तर ते सोपे होते. पीककर्जाची मुदत शक्यतो चुकवू नये. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाला मुदतीत फेडल्याबद्दल व्याजाची सवलत मिळते, आणि मुदत टळली की ती हातची जाते. जमिनीचा हप्ता पुरा होत नाही असे दिसले, तर मार्च उलटण्याची वाट न पाहता फेब्रुवारीतच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. आधी आलेल्या माणसाशी बँक वेगळ्या रीतीने बोलते.

गाडगे फोडण्याचा प्रसंग बहुधा असा येतो. सप्टेंबरात मोटार जळते. भरून आणावयास ५,००० रुपये हवेत, पीक पाण्याला आलेले. धाकटा दीर म्हणतो, "वहिनी, हप्त्याचे पैसे पडूनच आहेत की. मार्चला अजून सहा महिने आहेत." कारभारीण म्हणते, "ते पैसे आपले नाहीत, भावजी. अडचणीच्या गाडग्यातून घ्या, आणि तूर आली की आधी ते भरा." त्यावर सासूबाई सणाच्या वाट्यातले हजार रुपये काढून देतात. ह्यात रागरुसवा होतोच. परंतु तो मार्चमधील नामुष्कीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पैशाचा वाटा कोणता, तो कशासाठी, हे घरातील सर्व मोठ्या माणसांना ठाऊक असेल तरच असा निर्णय निभतो. कर्ज किती आहे हे केवळ कर्त्या पुरुषालाच माहीत असलेली घरे आजही आहेत.

गाडगे हे नाव झाले; पैसा मडक्यात ठेवावा असा त्याचा अर्थ नाही. घरातली रोकड उंदीर खातो, चोर नेतो, आणि पाहुणा उसनी मागतो. हप्त्याची रक्कम बँकेत निराळ्या बचत खात्यात किंवा मार्चपूर्वी मुदत भरेल अशा ठेवीत ठेवावी. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, मग व्याज कितीही गोड दिसो. दुधातून वाचणारे २०० रुपये पोस्टात किंवा महिला बचत गटात टाकता येतात. घरी डब्यात राहावे ते महिन्याच्या खर्चापुरतेच. एका वहीत प्रत्येक वाट्याला एक पान द्यावे: आले किती, गेले किती, कोणी नेले. वही घरातील शाळकरी मुलीने लिहिली तरी चालते; बहुधा तीच ती नीट लिहिते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे काम मे महिन्यात, पट्टी हाती येण्यापूर्वी करावे. चावडीवर चारचौघांत कर्जाची विचारपूस करू नये. संध्याकाळी घरी जावे व पतिपत्नींना एकत्र बसवावे. वर्षाचा खर्च एकदम विचारला तर खरे उत्तर मिळत नाही. मागच्या जूनमध्ये काय लागले, श्रावणात काय लागले, असे महिन्यामहिन्याने विचारीत गेले की विसरलेले खर्च आठवतात. कोणी गहाणाऐवजी सावकाराला विश्वासाने खरेदीखत करून दिले आहे काय, हेही हळूच विचारावे. परवान्याशिवाय सावकारी करण्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने बंदी आहे, आणि अशा व्यवहारात बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी त्या कायद्याखाली अर्ज करता येतो. तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात त्याची माहिती मिळते.

दुसऱ्या वर्षापासून हप्ता ३,३०० रुपयांनी उतरत जातो. मोकळी होणारी ही रक्कम घरखर्चात मिसळू न देता पहिली दोन वर्षे अडीअडचणीच्या वाट्यात टाकावी, नंतर मुद्दलात. शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून कर्ज बेबाक झाल्याचा दाखला घ्यावा आणि तो तलाठी कार्यालयात देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करण्याचा अर्ज करावा. कर्ज फिटूनही बोजा वर्षानुवर्षे तसाच राहिलेले उतारे पुष्कळ आढळतात, व पुढे वाटणीच्या किंवा नव्या कर्जाच्या वेळी ते आडवे येतात. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून तो घरात दोघांनी वाचून पाहावा.