नावाची पट्टी जागेवर कशी राहील?

नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणी महालासमोर एखाद्या इतिहास अभ्यासकाची मुलाखत चित्रित केली, की पडद्याच्या खालच्या बाजूला त्यांच्या नावाची पट्टी येते. पाहणाऱ्याला ती एकच दिसते. मिक्सिंगला बसलेल्याच्या टाइमलाइनवर मात्र तिचे चार थर असतात: लाल पट्टा, कडेची सोनेरी रेघ, नाव आणि त्याखाली गाव-जिल्हा. बाइट, म्हणजे मुलाखतीचा तुकडा, पुढे सरकवताना घाईत एखादा थर मागे राहिला, तर तिथल्याच नर-मादी धबधब्याच्या दृश्यावर माणसाचे नाव झळकते.

प्रीमियर प्रो या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही थर निवडून कंट्रोल आणि जी दाबले की त्यांचा ग्रुप होतो. मग कडब्याची पेंढी उचलावी तसे ते एकत्र हलतात. सोडायचे असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि जी. पण ग्रुपची प्रत काढली की प्रत्येक थराची सुटी प्रत होते. एकीतली दुरुस्ती दुसरीत जात नाही.

हे किती अडचणीचे ठरते, ते आपल्या धाराशिव जिल्ह्यात लगेच पटेल. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव झाले, सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्याचेही. तेर, परंडा, तुळजापूर फिरून केलेल्या जुन्या माहितीपटात ‘जि. उस्मानाबाद’ वीस ठिकाणी असेल, तर नुसत्या ग्रुपमध्ये ते वीसदा बदलावे लागते. तेच थर ‘नेस्ट’ केले असतील, म्हणजे त्यांचा वेगळा छोटा सीक्वेन्स करून तो जागोजागी ठेवला असेल, तर आत एकदा बदल केला की सगळीकडे होतो. दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम कंपाउंड क्लिप करते. पट्टी लहान-मोठी करणे किंवा हळूच विरू देणे, हेही मग एकाच क्लिपवर जमते.

नेमकी हीच सोय अंगाशी येते. नाव आत ठेवून नेस्टच्या प्रती काढल्या आणि एका पाहुण्याचे नाव बदलले, की सगळ्या पाहुण्यांचे नाव तेच होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जे सगळीकडे सारखे, तो पट्टा, रेघ आणि जिल्हा नेस्टमध्ये, नाव आणि गाव त्याच्यावर, वेगळ्या थरात, आणि शेवटी या दोघांचा ग्रुप. चॅनेलचा लोगो मात्र यात घालू नका. तो पूर्ण व्हिडिओभर राहतो. त्याला वरचा स्वतंत्र ट्रॅक द्या आणि तो ट्रॅक लॉक करा.