पालेभाजी आणि चिनी वैद्यक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चीनमध्ये स्वयंपाकघर आणि वैद्यक यांची कधी फारकत झाली नाही. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात धान्य, फळं, मांस आणि भाज्या यांना कामं वाटून दिलेली आहेत. पोषणाचा मुख्य भार धान्यावर, तर आहारातली उणीव भरून काढण्याचं काम भाज्यांकडे. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ यांचा आग्रह असे, की आधी आहाराने उपचार करावा, तो पुरेना तेव्हाच औषधाकडे वळावं. ली शिझेन यांनी 1578 मध्ये पूर्ण केलेला ‘बेनत्साओ गांगमू’ 1596 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 1,900 द्रव्यांची नोंद असून भाज्यांचा विभाग स्वतंत्र आहे.

इतक्या बारकाईने झालेल्या या विचाराचं आज ‘हिरवं खा, शरीर शुद्ध करा’ एवढंच उरलं आहे. त्यात त्या परंपरेवर अन्याय होतो आणि खाणाऱ्याची दिशाभूलही होते.

गैरसमज : चिनी वैद्यकानुसार हिरव्या भाज्या यकृतातलं विष धुऊन काढतात.

वस्तुस्थिती : चिनी वैद्यकात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि जल ही पाच तत्त्वं मानली जातात. हिरवा रंग, वसंत ऋतू आणि ‘गान’ हे सारं लाकडाच्या गटात येतं. ‘गान’ म्हणजे यकृत खरं, पण शवविच्छेदनात दिसणारा तेवढाच अवयव नव्हे. रक्त साठवणं, ‘ची’ ही प्राणशक्ती मोकळी वाहती ठेवणं, डोळ्यांचं पोषण करणं अशा कामांची ती एक साखळी आहे. तिचा अर्थ रक्ततपासणीतल्या यकृताच्या आकड्यांना लावता येत नाही. आपलं यकृत आपलं काम स्वतःच करत असतं. एखादी भाजी ते धुऊन काढते याला पुरावा नाही. गडद पानांत ल्युटीन असतं आणि ते डोळ्याच्या पडद्यात साठतं, हे मात्र आधुनिक संशोधनाने दाखवलं आहे. ते ज्ञान प्रयोगशाळेतून आलेलं आहे, पंचतत्त्वांचा तो पुरावा ठरत नाही.

गैरसमज : पालेभाज्या सगळ्या थंड.

वस्तुस्थिती : चिनी परंपरा प्रत्येक भाजीचा स्वभाव वेगळा सांगते. पालक आणि माठ शीतल. मायाळू, नाळीची भाजी आणि घोळ त्याहून थंड. उलट मोहरीचा पाला, कोथिंबीर आणि लसणाच्या वासाची चपटी ‘जिउत्साय’ पात उष्ण. हा स्वभाव थर्मामीटरने मोजायचा नसतो. खाल्ल्यावर शरीरात काय फरक जाणवतो, त्यावरून तो ठरवलेला आहे. म्हणून ज्याला सतत हुडहुडी भरते, शौचाला पातळ होतं, त्याला चिनी वैद्य थंड पाल्याच्या वाट्या भरून द्यायला सांगणार नाही. ‘पालेभाजी चांगली की वाईट?’ हा प्रश्न तिथे अपुरा आहे. कोणाला, कोणत्या ऋतूत, कशी शिजवून, हे आधी विचारलं जातं.

गैरसमज : हे आपल्या आयुर्वेदासारखंच आहे.

वस्तुस्थिती : उष्ण-शीत ही भाषा दोन्हीकडे आहे, पण मांडणी वेगळी. आयुर्वेदात तीन दोष आणि सहा रस, चिनी वैद्यकात पाच तत्त्वं आणि पाच चवी. निष्कर्षही नेहमी जुळत नाहीत. आपल्या घरांत उन्हाळ्यात धन्याचं पाणी थंडाव्यासाठी पितात. चिनी वैद्य कोथिंबिरीला तिखट आणि उष्ण म्हणतो, सर्दीच्या सुरुवातीला घाम येण्यासाठी ती सुचवतो. एका शास्त्राचा सल्ला दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

गैरसमज : कच्च्या पानांचा हिरवा रस सर्वांत गुणकारी.

वस्तुस्थिती : या बाबतीत चिनी परंपरा अगदी उलट सांगते. कच्चं आणि गार अन्न पचन सांभाळणाऱ्या ‘पी’ला दुबळं करतं, असं ती मानते. म्हणून चिनी घरांत पानं उकळत्या पाण्यातून काढतात किंवा मोठ्या आचेवर तेलात झटकन परततात. ‘पी’ची संकल्पना बाजूला ठेवली तरी या रीतीत शहाणपण आहे. शिजवताना ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट काही प्रमाणात कमी होतं, हे खरं. पण बीटा-कॅरोटीन तेलासोबत अधिक शोषलं जातं आणि पालकातलं बरंचसं ऑक्झॅलेट, म्हणजे मूत्रपिंडात साचून खडे करू शकणारं द्रव्य, उकळलेल्या पाण्यात उतरतं. ते पाणी ओतून द्यायचं. रोज भरपूर कच्च्या पालकाचा रस घेऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी अशा रसांपासून दूरच राहावं.

गैरसमज : पालक आणि तोफू एकत्र खाल्ले की मुतखडा होतो.

वस्तुस्थिती : पालक चीनमध्ये इ.स. 647 मध्ये नेपाळमार्गे पोहोचला. तोफूबरोबर तो खाऊ नये, हा समज तिथे घट्ट रुजला आहे. आपल्याकडे पालक-पनीरबद्दल तीच शंका घेतली जाते. तोफू-पनीरमधलं कॅल्शिअम पालकातल्या ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधतं आणि ते शौचावाटे निघून जातं. त्यामुळे मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारं ऑक्झॅलेट उलट कमी होतं. तोटा एवढाच, की त्या जेवणातलं थोडं कॅल्शिअम वाया जातं. पालक आधी उकळून घेतला तर तोही घटतो.

गैरसमज : रात्रीची उरलेली पालेभाजी म्हणजे विष.

वस्तुस्थिती : पानांतल्या नायट्रेटचं जिवाणूंमुळे नायट्राइट होतं, ही चिनी घरांतली मोठी धास्ती. ती पूर्ण निराधार नाही. पण ही वाढ मुख्यतः भाजी तासन्‌तास उघड्यावर राहिल्याने होते. लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी दुसऱ्या दिवशी नीट गरम करून खाता येते. लहान बाळांना मात्र ताजीच द्यावी.

गैरसमज : भाजीच ती, तिने काय अपाय होणार?

वस्तुस्थिती : आपल्या बाजारात जुडीने मिळणारी घोळ चिनी औषधकोशातही आहे, तिथे ती जुलाब-आवेवरचं औषध म्हणून नोंदलेली असून गरोदरपणी जपून वापरावी असं परंपरा सांगते. तिच्यात ऑक्झॅलेटही भरपूर असतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. पालेभाज्यांतलं ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करतं, म्हणून पालेभाजी अचानक वाढवू नये आणि अचानक बंदही करू नये. प्रमाण स्थिर ठेवून डॉक्टरांना सांगावं. पंडुरोगातही केवळ पालकावर विसंबू नये. 100 ग्रॅम पालकात सुमारे 2.7 मिलिग्रॅम लोह असतं, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. जेवताना लिंबू पिळल्याने शोषण सुधारतं.

चीनच्या आजच्या आहार-मार्गदर्शिकेत रोज किमान 300 ग्रॅम भाज्या आणि त्यांतल्या निम्म्या गडद रंगाच्या असाव्यात असं म्हटलं आहे. हा सल्ला पोषणशास्त्राचा आहे आणि तो आपणही पाळावा. जुन्या वैद्यांकडून घ्यायची ती त्यांची सवय : भाजी वाढण्याआधी जेवणाऱ्याची प्रकृती, ऋतू आणि पचन विचारात घेण्याची. कोणत्याही भाजीचे सरसकट गुण गाणारा मजकूर समोर आला, तर हे तीन प्रश्न त्यालाही विचारावेत.